पूर्ण रूप

सर शब्द शेपटीकडून धरायचे.

"मॅडम, शब्द म्हणजे मांजर नव्हे, शेपूट धरली तरी ओरबाडत नाही," असं त्यांनी मला ओळखीच्या पहिल्याच दिवशी सांगितलं. मग फळ्याकडे वळून वर्गाला म्हणाले, "हिपॅटोमेगली. घाबरायचं नाही. शेपूट धरा. मेगली म्हणजे वाढणं. आता पुढे सरका. हिपॅटो म्हणजे यकृत. काय झालं? यकृत वाढलं. संपलं." हे 'संपलं' म्हणताना ते हातातली एरियल खटकन मिटायचे. कुठल्यातरी मोडीत निघालेल्या गाडीच्या रेडिओची ती एरियल होती. छडी म्हणून तिचा उपयोग होत नसे, कारण कुणावर उगारली की ती वाकायची. पण फळ्यावरचा शब्द दाखवायला, पंख्याचं बटण दाबायला आणि वाक्य संपल्याचं जाहीर करायला ती पुरेशी होती.

तो काळ असा होता, की अमेरिकेतले डॉक्टर रोग्यांची हकीकत यंत्रावर बोलून ठेवत आणि ती ऐकून टाइप करायचं काम आपल्याकडे येई. त्याला मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन म्हणत. हे काम शिकवणाऱ्या संस्था पनवेलमध्ये अचानक उगवल्या होत्या. आमची एसटी स्टँडजवळ होती. खाली मोबाईल दुरुस्ती आणि झेरॉक्स, वर आम्ही. पाटीवर पृथ्वीचा गोल होता आणि गोलाच्या कानांना हेडफोन लावलेले होते. मी तिथे इंग्रजी शिकवायचे. माझं स्वतःचं जग तोवर गोव्यापाशी संपत होतं, पण संस्थेच्या माहितीपत्रकात माझ्या नावापुढे 'अमेरिकन उच्चारतज्ज्ञ' असं छापलं होतं. तेव्हा दुसऱ्याच्या डौलाला हसायचा मला फारसा अधिकार नव्हता. तरी मी हसायचे.

कारण सरांचा डौल दुर्लक्ष करण्यासारखा नव्हताच. मे महिन्यातसुद्धा गळ्यात टाय, आणि टायवर डॉक्टरांचा असतो तसा पांढरा कोट. खिशात दोन पेनं आणि एक छोटी विजेरी, तिचा उजेड कुणाच्या घशात कधी पडल्याचं मी पाहिलं नाही. "मी मेडिकलच्या दाराशी जाऊन आलेला माणूस आहे," असं ते म्हणायचे, तेव्हा मुलं समजायची की सरांचं डॉक्टर होणं थोडक्यात हुकलं. खरी गोष्ट त्यांच्या पत्नीने मला सांगितली. सर औषध कंपनीचे प्रतिनिधी होते. आयुष्यातली वीस-बावीस वर्षं ते चामडी बॅग मांडीवर घेऊन डॉक्टरांच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसले होते. सगळे रोगी संपले की आत जायचं, दोन मिनिटं बोलायचं, नमुन्याच्या गोळ्या ठेवायच्या आणि बाहेर यायचं. दाराशी गेले होते हे अक्षरशः खरं होतं.

त्या बाई पनवेलच्या लाईन आळीत सगळ्यांना ठाऊक होत्या, त्या त्यांच्या बोलण्यामुळे. एकदा म्हणाल्या, "यांना ताप येत नाही हो, पायरेक्सिया येतो. मग मी क्रोसिन देते. पायरेक्सियाही त्यानेच उतरतो."

सरांना माणसं दिसत ती केसपेपरसारखी. रिक्षावाला भांडला तर "याची कम्प्लेंट काय आणि हिस्टरी काय, ते आधी बघायला हवं" म्हणायचे. मुलांच्या रजेच्या अर्जावर शेरा मारायचे, तो असा: 'सी-ओ ताप, दोन दिवस. एच-ओ खोटं बोलणे, पूर्वीपासून.' सी-ओ म्हणजे तक्रार, एच-ओ म्हणजे पूर्वेतिहास. हे वर्गातल्या शेवटच्या बाकालाही पाठ होतं. संस्थेचे मालक आले की सर हळूच मला म्हणायचे, "क्रॉनिक. औषध नाही." शेजारच्या लग्नात पंगतीला बसलो होतो, वाढपी जिलबी घेऊन आला, तर सरांनी पानावर हात आडवा धरून सांगितलं, "एन-बी-एम." तोंडाने काहीही द्यायचं नाही, असा त्याचा अर्थ. वाढपी बिचारा ती जिलबी मला वाढून गेला.

हे सगळं मी घरी जाऊन सांगायचे आणि लोक हसायचे. सर म्हणजे माझ्याकडचा हुकमी विषय झाला होता.

त्यांच्या धंद्याचा एक नियम मात्र खरा होता, आणि तो ते पूजेतल्या मंत्रासारखा म्हणून घ्यायचे. डॉक्टर काहीही आखूड बोलो, इतर ठिकाणी ते आखूड ठेवलं तर चालेल. पण 'डायग्नोसिस', म्हणजे रोगाचं निदान, या मथळ्याखाली आखूड रूप कधीही ठेवायचं नाही. तिथे पूर्ण रूप लिहायचं. कारण एका आखूड रूपाचे दोन अर्थ निघाले तर तिकडे माणूस मरेल. सर या नियमाच्या पुढे गेले होते. त्यांच्या वर्गात आखूड रूपावर एरियलचं टोक टेकलं की सगळ्यांनी एका सुरात पूर्ण रूप म्हणायचं. मग सर विचारायचे, "मराठीत?" आणि वर्ग त्याचा मराठी अर्थ सांगायचा. जो गप्प राहील त्याने उभं राहायचं. दोन-तीन महिन्यांत असं झालं, की स्टँडवर एसटीच्या पाटीवरची आखूड अक्षरं दिसली तरी आमची मुलं आपोआप तोंड उघडायची. लांबून ऐकलं तर वाटायचं, वर एखादी बालवाडी चालते.

या वर्गात रेश्मा होती. उरणजवळच्या करंजा गावची, मासेमारीच्या घरातली. उरणहून एसटीने यायची. सुरुवातीला तोंडातून शब्द फुटत नसे, नंतर सरांच्या सुरात तिचाच आवाज सगळ्यात वर लागायचा. सर म्हणायचे, "ही कोळ्याची मुलगी बघा, लाटेवर ओरडून घसा तयार झालाय." ती हसून म्हणायची, "सर, होडीवर बायका नाय जात. आमी बाजारात ओरडतो."

त्या पावसाळ्यात तिचे वडील आजारी पडले. मासेमारीची बंदी होती, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या. पनवेलमधल्या एका खाजगी हॉस्पिटलात त्यांना ठेवलं होतं. "अल्सर आहे," रेश्मा वर्गात म्हणाली. "घशाखाली जखम झालीय. बरी होईल."

सरांना अल्सर ऐकू आला की नाही कुणास ठाऊक. हॉस्पिटल मात्र ऐकू आलं. वर्गाला एकदा तरी खऱ्या वॉर्डात न्यायचं हे त्यांचं जुनं स्वप्न होतं, आणि कुठलंही हॉस्पिटल त्यांना दारात उभं करत नव्हतं. "मॅडम, भेटीची वेळ असतेच की," ते मला म्हणाले. "आपण भेटायला जाणार. त्यातच राऊंड होईल." त्यांनी राऊंड हा शब्द असा उच्चारला, की मला नाही म्हणवेना. खरं तर मला गंमतही बघायची होती. मी केळी घेतली.

सर कोट घालून आले होते. दारावरच्या वॉचमनने त्यांना सलाम केला आणि आम्हा सगळ्यांना एकही प्रश्न न विचारता वर सोडलं. सरांनी मान अशी हलवली, जणू रोज हलवतात. वॉर्डात शिरल्यावर खाटांवरची माणसं सावरून बसली. एका म्हाताऱ्याने हात जोडले. "डॉक्टरसायब, तीन दिस झाले, पोट साफ नाय." सर वाकले, गंभीरपणे ऐकलं आणि वर्गाकडे वळून म्हणाले, "कॉन्स्टिपेशन." म्हातारा समाधानाने आडवा झाला. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

रेश्माचे वडील कोपऱ्यातल्या खाटेवर होते. रापलेला, रुंद खांद्यांचा माणूस. ते खांदे आता हाडांवर टांगल्यासारखे दिसत होते. रेश्मा उशाशी उभी होती. आम्हाला बघून ती आनंदली आणि लगेच अस्वस्थ झाली. तिच्या अस्वस्थपणाचा अर्थ मी लावला, तो असा, की आम्ही फार जणं आलो.

"या, या," वडील म्हणाले. "येवडी मानसं? मी काय मंत्री हाय? बाय, सायबांना स्टूल दे गो." मग सरांकडे बघून, "आता लवकर बरा करा मना. नारली पुनवेला होडी पान्यात घालायची हाय."

"करू, करू," सर म्हणाले. त्यांनी खाटेच्या पायथ्याला अडकवलेली फाईल काढली.

"सर, ती राहू दे," रेश्मा म्हणाली.

"अगं, घाबरतेस काय? तुलाच पुढे हे करायचंय." सरांनी एरियल उघडली.

पहिल्या पानावर सगळं सोपं होतं. टोक टेकलं. "एच-टी-एन?"

"हायपरटेन्शन!" वर्ग म्हणाला.

"मराठीत?"

"उच्च रक्तदाब!"

अख्खा वॉर्ड कौतुकाने बघत होता. पलीकडच्या खाटेवरच्या बाईंनी चहा प्यायचा थांबवला. रेश्माचे वडील शेजाऱ्याला सांगत होते, "माजी पोरगी पन ह्यांच्यातच हाय. इंग्लिश फाडफाड वाचते." मला त्या सुराची जी लाज वाटत होती ती साधी होती; आपण देवळात मोठ्याने बोलणाऱ्या नातेवाइकांबरोबर आलो की वाटते तशी.

सरांनी पान उलटलं. "आणि आता निदान. निदानात काय चालत नाही?"

"आखूड रूप!"

टोक टेकलं. डॉक्टरांनी तिथे मुद्दामच आखूड लिहिलं होतं: 'के-सी-ओ सी-ए ईसोफेगस, लिव्हर मेट्स.' ही मंडळी अशा ठिकाणी दोन अक्षरं लिहितात, ती घाईने नव्हे. खाटेवरच्या माणसाने वाचलं तरी त्याला कळू नये म्हणून लिहितात. बाकावर इतकी वर्षं काढलेल्या सरांना हे माहीत असायला हवं होतं. पण शब्द दिसला की सर शब्दापाशीच थांबायचे. त्याच्या पलीकडे कुणी निजलेलं असतं, हे त्यांच्या शिकवण्यात कुठे येतच नव्हतं.

वर्ग म्हणाला. "नोन केस ऑफ कार्सिनोमा ईसोफेगस विथ लिव्हर मेटास्टेसिस." सवयीने, एका सुरात, शेवटपर्यंत. त्या सुरात रेश्माचा आवाज नव्हता.

"मराठीत?" सर म्हणाले.

आता एकेकाच्या चेहऱ्यावर अर्थ पोचायला लागला होता. पण सचिन नावाचा मुलगा वर्गात पहिला यायचा, आणि गप्प राहणाऱ्याला उभं राहावं लागतं ही भीती त्याच्यात पक्की मुरली होती. तो आधीच उभा होता हेही त्याच्या लक्षात आलं नाही. त्याने शब्द शेपटीकडून धरला.

"पसरलेला," तो म्हणाला. मग, "यकृतात." आणि थांबला.

"पुढे सरका," सर म्हणाले.

"अन्ननलिकेचा कर्करोग."

"संपलं," सर म्हणाले, आणि एरियल खटकन मिटली.

तो खटका झाल्यावर सरांनी मान वर केली. मला वाटतं, त्या फाईलच्या पलीकडे खाट आहे हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा दिसलं. त्यांचा हात टायच्या गाठीकडे गेला आणि तिथेच राहिला.

रेश्माचे वडील मुलीकडे बघत होते. "बाय," ते म्हणाले, "तुला ठाव होतं?"

ती मान हलवायला लागली, नाही अशी, आणि मग हलवायची थांबली. तिचा भाऊ आणि ती, एवढ्या दोघांनाच माहीत होतं. आईला, वडिलांना, सगळ्या आळीला त्यांनी अल्सर सांगितला होता.

वडील सरांकडे वळले. आवाज चढलेला नव्हता. "किती दिस हायत, डॉक्टर?"

"ते... ते डॉक्टरांना विचारावं लागेल."

"मंजे तुमी डॉक्टर नाय?"

"नाही."

"मंग ह्यो कोट?"

वॉर्डातला म्हातारा पुन्हा उठून बसला होता, त्याच्या चेहऱ्यावर फसवलं गेल्याचा राग होता. सिस्टर धावत आली, "कोण आहात तुम्ही? फाईलला हात कुणी लावू दिला?" म्हणत तिने फाईल हिसकावली. माझ्या हातात केळी होती. ती कुठे ठेवावीत ते मला सुचेना. शेवटी खाटेखाली, चपलांजवळ ठेवली. आम्ही ओळीने बाहेर पडलो. खाली वॉचमनने सरांना पुन्हा सलाम केला, आणि सरांनी सवयीने मान हलवली. ते हलवणं मला अजून दिसतं.

दुसऱ्या दिवशी सर वर्गावर आले, ते कोट न घालता. कोटाशिवाय ते फार लहान दिसत होते. फळ्यावर आखूड रूपं लिहिली, पण एरियल काही टेकवली नाही. मुलांनी वहीत पूर्ण रूपं मुकाट्याने लिहून घेतली. खालचा झेरॉक्सवाला मला विचारत होता, "आज क्लास बंद का?" मी घरी कुणाला यातलं काही सांगितलं नाही. सांगण्यासारखा विषय असूनही.

रेश्मा येईनाशी झाली. तिच्या वडिलांना घरी नेल्याचं कळलं. नारळी पौर्णिमा होऊन गेली, आणि एक दिवस सर म्हणाले, "मॅडम, करंजाला जायचं आहे. तुम्ही याल? मला एकट्याला..." वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही.

उरणच्या एसटीत ते सगळा वेळ ओठ हलवत होते. काय बोलायचं ते पाठ करत होते. मी एकदा कानोसा घेतला. त्यात 'अक्षम्य' होतं, 'अनवधानाने' होतं, 'अंतःकरणपूर्वक' होतं. भाषण चांगलं होतं. एखाद्या संस्थेच्या वार्षिक समारंभात खपलं असतं.

होड्या पाण्यात गेल्या होत्या. धक्क्यावर लिलाव चालू होता, बायकांचे आवाज घरापर्यंत येत होते. ओटीवर, भिंतीला टेकून रेश्माचे वडील बसले होते. हॉस्पिटलात होते त्याच्या निम्मे उरले होते.

"या मास्तर. या बाय," ते म्हणाले. "होडी घेऊन पोरगा गेलाय. बसा."

सर बसले. भाषण सुरू करायला तोंड उघडलं. "माझ्याकडून अनवधानाने..."

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "मना ठाव होतं."

सरांना कळलं नाही. मलाही नाही.

"मी येडा हाय काय? घास उतरत नाय, वजन उतरते. येवडी वरसं दर्यात काडली, वारा फिरला का मानसाला कलते." ते थांबले, श्वास घेतला. आतल्या दाराकडे बघून आवाज खाली आणला. "पन पोरीला वाटत होतं, ती मना सांबालते. बापाला कलू नाय द्यायचं म्हनून हसायची, गोष्टी सांगायची. मी बी हसायचो. तेवडं बरं चाललेलं. आता ती माज्यासमोर बसत नाय. बसली तर रडते. तिची आय जल्मभर माज्याशी भांडली. ती पन आता भांडत नाय. घरात सगली हलू बोलतान."

यात दोष देण्याचा सूर असता तर बरं झालं असतं. ते हवामान सांगावं तसं सांगत होते.

रेश्मा दारात आली. तिच्या हातात वाडगा होता, पातळ पेजेचा. तिने आम्हाला नमस्कार केला नाही, आणि रागही दाखवला नाही. वर्गात उत्तर द्यायची तशी सरळ उभी राहिली.

"सर, ते जेवत नाहीत," ती म्हणाली. "आधी माझ्यासमोर चार घास खायचे. दुखायचं, तरी खायचे. मला दिसावं म्हणून. आता म्हणतात, तुला माहीत आहे ना, मग कशाला." तिने वाडगा सरांच्या हातात दिला. "तुम्ही सांगा."

आणि ती आत गेली.

सर तो वाडगा दोन्ही हातांत धरून बसले. त्यांनी "घ्या ना" एवढंही म्हटलं नाही. नुसते धरून बसले. पेजेवर साय धरायला लागली. बाहेर लिलाव संपत आला. परतीची एसटी चुकणार हे मला दिसत होतं, पण तसं म्हणायची माझी छाती झाली नाही. सरांच्या हातातला वाडगा हळूहळू कलला, आणि पेज कडेवरून त्यांच्या टायवर सांडली. त्यांनी ती पुसली नाही.

रेश्माचे वडील हे सगळं बघत होते. शेवटी त्यांनी हात पुढे केला.

"द्या मास्तर," ते म्हणाले. "पावन्याला असं किती येल बसवायचं."

त्यांनी चमचाभर पेज तोंडात घेतली आणि डोळे मिटले. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. एका हाताने त्यांनी ओटीची कड धरली होती. आत भांड्यांचा आवाज थांबला होता. रेश्मा दाराआडून ऐकत असणार. सरांनी मान खाली घातली, मीही घातली, आणि तो घास खाली उतरेपर्यंत आम्हा दोघांपैकी कुणीही वर बघितलं नाही.